दुसरी खिडकी उघडी ठेवा: दूरचा सर्व्हर आणि तीन मशीनवरची साठवण

मी सांभाळते ती तिन्ही लिनक्स मशीन माझ्यापासून लांब आहेत. त्यांच्या कीबोर्डला वर्षभर माझा हात लागत नाही, सगळं काम एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या मशीनमध्ये सुरक्षितपणे शिरायच्या सोयीतून. चूक झाली की उठून जाऊन दुरुस्त करायची सोय नाही, म्हणून माझ्या बहुतेक सवयी त्या धास्तीतून लागल्या आहेत.

सुरुवात किल्लीपासून करा, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फायलींच्या जोडीपासून. आपल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन चालवा, प्रकार ईडी२५५१९ द्या, आणि पासफ्रेज विचारला की नुसतं एंटर मारून पुढे जाऊ नका. लॅपटॉप चोरीला गेला तर तोच आडवा येतो. दोन फायली तयार होतात. नावाच्या शेवटी डॉट पब असलेली सर्व्हरवर जाते, आणि एसएसएच-कॉपी-आयडी ती नेमक्या जागी ठेवते. दुसरी कुणालाही द्यायची नाही. किल्ली बसवूनही पासवर्ड विचारला जात असेल तर आधी सर्व्हरवरच्या परवानग्या बघा: डॉट एसएसएच फोल्डरला ७००, आतल्या ऑथराइज्ड-कीज फायलीला ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकाला खुल्या.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हरचा ठसा (त्याच्या किल्लीची ओळख सांगणारी अक्षरांची ओळ) समोर येतो आणि आपण सवयीने 'येस' लिहितो. असं करू नका. ज्याने मशीन बसवलं त्याच्याकडून ठसा मागवा आणि जुळवून बघा. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, ते तिथल्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून. ठसा न बघता होकार दिला, तर आपण त्याच चोराशी तर बोलत नाही ना, हे कळायला मार्ग राहत नाही.

आता पासवर्डने लॉगिन बंद करायचं, आणि इथेच माझा एक अख्खा दिवस गेला होता. मी सेटिंग बदललं, सेवा पुन्हा सुरू केली आणि खिडकी बंद केली. किल्ली मात्र दुसऱ्याच युजरच्या खात्यात ठेवलेली होती. शेवटी कुणालातरी तिथे पाठवून मॉनिटर जोडावा लागला. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. सर्व्हरवरची एसएसएचच्या सेटिंगची फाईल बदलली की 'एसएसएचडी -टी' चालवायचं, त्यातला टी छोट्या लिपीतला; लिहिण्यात चूक असेल तर ते सांगतं. मग तोच टी मोठ्या लिपीत देऊन खरोखर कोणतं सेटिंग लागू आहे ते बघायचं. ओपनएसएसएच (एसएसएचची सर्रास वापरातली आवृत्ती) पहिली सापडलेली किंमत धरतं, त्यामुळे वेगळ्या फोल्डरमधली एखादी छोटी फाईल तुमचा बदल निष्फळ करू शकते. मग सेवा पुन्हा सुरू करायची. चालू जोडणी त्याने तुटत नाही. जुनी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करायचं. ते जमलं तरच पहिली बंद.

लांबलचक काम सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये चालवा, नेट तुटलं तरी ते चालू राहतं. फायली हलवायला आरसिंक, पण आधी 'ड्राय-रन' लावून, म्हणजे काही न हलवता काय होईल ते दिसतं. स्रोताच्या नावाशेवटी तिरकी रेघ असेल तर फोल्डरमधला माल जातो, नसेल तर फोल्डरसकट. 'डिलीट' (स्रोतात नसलेलं पलीकडून पुसणारा पर्याय) जोडलं असेल तर हा फरक फार महागात पडतो.

साठवण तीन मशीनवर पसरायला मी ग्लस्टर वापरते. प्रत्येक मशीनवरच्या एका फोल्डरला तिथे ब्रिक म्हणतात. ब्रिकसाठी वेगळी डिस्क घ्या, एक्सएफएस या फाईलप्रणालीने फॉरमॅट करा, आणि ती माउंट झालेल्या (म्हणजे मशीनच्या फोल्डरांत जोडलेल्या) जागेच्या आत एक उपफोल्डर करून तो ब्रिक म्हणून द्या. म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क माउंट झाली नाही तर ब्रिक सुरूच होत नाही आणि माल गुपचूप मूळ डिस्कवर साचत नाही. ग्लस्टरचा २४००७ हा पोर्ट (नेटवर्कवरचं दार) आणि ब्रिकचे पोर्ट फक्त आतल्या नेटवर्कला उघडे ठेवा.

प्रती तीन ठेवा. दोन मशीनचा आपसातला संपर्क तुटला आणि दोघांनी तीच फाईल वेगवेगळी बदलली, तर खरी कोणती हे ठरवायला तिसरं मत लागतं. प्रत्येकी ४ टेराबाइटच्या तीन डिस्कमधून हाती ४च येतात, हे खरं. जागा परवडत नसेल तर तिसरं मशीन आर्बिटर, म्हणजे पंच, करा. ते फक्त नावं आणि नोंदी ठेवतं, तरी मत देतं.

फायली नेहमी माउंट केलेल्या व्हॉल्यूममधूनच (सगळे ब्रिक मिळून दिसणाऱ्या एकत्र साठवणीतून) लिहा. त्याच मशीनवर बसला असाल तरी ब्रिकमध्ये थेट हात घालू नका, इतर प्रतींना त्याचा पत्ता लागत नाही. एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) '_नेटडेव्ह' हा पर्याय लिहा, म्हणजे नेटवर्क येण्याआधी माउंट करायची धडपड होत नाही. आणि बॅकअप वेगळा घ्याच. चुकून पुसलेली फाईल तिन्ही ठिकाणांहून एकदम जाते.

खरा माल टाकण्याआधी एक मशीन मुद्दाम बंद करा. उरलेल्या दोघांवर लिहिता येतंय का बघा. मग ते पुन्हा चालू करून 'हील इन्फो' (कोणत्या फायली अजून जुळवायच्या आहेत ते सांगणारी ग्लस्टरची आज्ञा) बघत राहा. शिल्लक नोंदींचा आकडा तिन्ही ब्रिकवर शून्य झाला की मगच दुसऱ्या मशीनला हात लावा.