लढाईच्या दिवसांत छावणीतल्या जवानाला पार्सल धाडताना

सीमेवर तणाव असला की पाठीमागच्या छावणीतला जवानही ट्रंक भरून निघायच्या तयारीत असतो. पार्सल पोचायच्या आत पलटण हलली, तर ते तिच्या मागून फिरतं. म्हणून महिनाभर खराब न होता टिकेल असंच पाठवा.

बराकीत चूल नसते, जेवण लंगरचं, म्हणजे पलटणीच्या सामाईक स्वयंपाकघरातलं. त्यामुळे कुळथाचं पीठ प्रेमाने दिलं तरी ट्रंकेत पडून राहतं. सुकट, बोंबील तर नकोच. वास सगळ्या बराकीला लागतो आणि ट्रंकेतले कपडेही सोडत नाही. ओल्या खोबऱ्याच्या वड्या आठवड्यात खवट होतात. भाजलेले काजूगर, आंबापोळी, फणसपोळी, सुकी आमसुलं बिनघोर द्या. आमसूल डाळीत पडलं की लंगरची डाळही गोड लागते.

सगळ्यांत भरवशाचे शेवेचे खटखटे लाडू. अर्धा किलो शेवेला साधारण ४०० ग्रॅम गूळ आणि दोन चमचे सुंठ. पाकाचा थेंब गार पाण्यात टाका. गोळी वाटीवर आपटून टणकन् वाजली पाहिजे. बोटाने दबली तर पाक कच्चा, लाडू वाटेत चिकटून एकच ढेकूळ होतं. आषाढ-श्रावणात लाडू वळल्यावर एक लाडू चार तास उघडा ठेवून बघा. चिकट झाला तर तो घाणा घरीच खा. लाडू पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका. आत वाफ धरते आणि बुरशी येते. मोजताना जवळच्या आठ-दहा खाटा धरा, एकट्याचं पार्सल बराकीत नसतंच.

लोणचं द्यायचं तर तेल निथळून, दोन पिशव्यांत, आणि लाडवांपासून दूर. काचेची बरणी नको. आगपेटी, लायटर, स्पिरिट, दारू टपालात चालत नाही. पॉवर बँकही घालू नका.

डबे खोक्यात घट्ट बसवा, फटींत जुना पंचा किंवा मोजे कोंबा. वरून मांजरपाट शिवून घ्या. पावसात चिकटपट्टी सुटते, टाका सुटत नाही.

पत्ता त्याने कळवला तसाच, इंग्रजी मोठ्या अक्षरांत: नंबर, हुद्दा, नाव, युनिट, मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय), आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. खाली गावाचं, छावणीचं नाव स्वतःहून जोडू नका. पलटण कुठे आहे ते झाकण्यासाठीच हा पत्ता असतो. पार्सलचा फोटो स्टेटसला टाकणं म्हणजे ते झाकण उघडणंच. पाण्याने न पसरणारं मार्कर वापरा. तोच पत्ता आणि आपला घरचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. वरची अक्षरं गेली तरी पार्सल कुणाचं ते कळतं.