उजव्या वळणावर बंद पडणारी बुलेट

साताऱ्यात गॅरेजला लागून मला आठ महिने झाले होते. प्लग, चेन, क्लच जमायला लागलं होतं आणि इलेक्ट्रिकलही येतं असा माझा समज होता. तेव्हा एक शिक्षक त्यांची १९९४ची कास्ट आयर्न बुलेट घेऊन आले. शाळा कासच्या बाजूला, म्हणजे रोज यवतेश्वर घाट. तक्रार एका वाक्यात: "घाटात गरम झाली की बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की चालू होते." दुसरीकडे कॉइल, कंडेन्सर, पॉइंट, प्लग असं ठिणगी पाडणारं सगळं बदलून झालं होतं.

कायमचा बिघाड शोधायला सोपा असतो. हा अधूनमधून येणारा प्रकार दारात आला की गाडी एकदम शहाण्यासारखी वागते. मीटर लावावा तिथं आकडे बरोबर. मीही तेच केलं. बॅटरी १२.६ व्होल्ट, रेस दिल्यावर १४च्या आसपास, म्हणजे चार्जिंग ठीक. वायरी सोडवून मीटर बीपवर लावला, म्हणजे वायर अखंड असली की तो वाजतो. सगळ्या वाजल्या. मग काहीतरी केलं पाहिजे म्हणून इग्निशन स्विच बदलला. सर पैसे देऊन गेले आणि आठव्या दिवशी गाडी ढकलत परत आले.

आमच्या वस्तादांनी गाडीला हात लावला नाही. आधी सरांना चहा दिला आणि प्रश्न विचारले. कराडला जाता का गाडीवर? जातो. पन्नास किलोमीटर हायवेवर कधी बंद पडली? नाही. घाट उतरताना? "पडते की." हे सरांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात 'गरम' बसलं होतं. हायवेवर तासभर तापून न पडणारी गाडी उतारावर, थ्रॉटल सोडलेला असताना पडते, तर तो उष्णतेचा दोष कसा? घाटात दोन्ही वेळेला सारखं काय असतं? वळण.

नवीन येणाऱ्यांना मी म्हणूनच सांगतो की गिऱ्हाइकाची तक्रार लिहून घ्या, त्याचं निदान लिहू नका. कुठं, किती अंतरावर, चढ की उतार, पाऊस होता का, हॉर्न-लाइटसकट सगळं गेलं की फक्त इंजिन, एवढं वहीत आलं पाहिजे.

मग वस्तादांनी किक अलगद दाबून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच) मिटलेल्या जागी इंजिन आणलं आणि चावी दिली. या बुलेटला अॅमीटर, म्हणजे करंट दाखवणारा काटा असतो, तो फुकटचा साक्षीदार आहे. पॉइंट मिटलेले आणि चावी चालू असली की कॉइल करंट ओढते, काटा वजाकडे कलतो. (जास्त वेळ तसं ठेवू नका, कॉइल तापते.) हँडल सरळ: काटा कललेला. डावीकडे: तसाच. उजवीकडे पूर्ण वळवलं आणि काटा शून्यावर आला. परत सरळ केलं, परत कलला. मी आठवडाभर जे शोधत होतो ते चहा संपायच्या आत.

चावीचा स्विच हेडलाइटच्या डोक्यात, कॉइल टाकीखाली. मधली वायर स्टिअरिंगच्या मानेपाशी हँडलबरोबर रोज शेकडो वेळा वाकते. वरचं प्लास्टिक शाबूत, आत तांबं तुटून काळं पडलेलं. आणि 'दहा मिनिटांनी चालू' कशी व्हायची? सर गाडी साइड स्टँडवर लावायचे, हँडल डावीकडे पडायचं, तुटकी टोकं पुन्हा चिकटायची. गार होण्याचा काही संबंधच नव्हता.

माझा मीटर खोटं का बोलला? एक तर मी हँडल सरळ ठेवून तपासलं होतं. दुसरं, बरेच मीटर वीस-तीस ओहमपर्यंतही बीप देतात. चार ओहमच्या कॉइलच्या वाटेत काळ्या तांब्याचे दोन ओहम आले, तरी कॉइलला बारापैकी आठच व्होल्ट उरतात. बीपला त्यातलं काही कळत नाही. म्हणून वायर तपासायची ती भारावर, म्हणजे तिच्यातून खरोखर करंट वाहत असताना. ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट दोन वायरी लावून ठेवा. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. संशयित वायरीतून तो पेटवा आणि वायर हलवा. मंद झाला, लुकलुकला, की जागा सापडली. अर्थिंगही असंच पाहा. हौसेनं रंगवून आणलेल्या जुन्या गाड्यांत अर्थचं थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंगावरच कसलेलं असतं, तिथं घासून धातू उघडा केल्याशिवाय पुढं जाऊ नका.

सगळ्या गाड्यांत तुटलेलीच वायर शोधायला गेलात तर यामाहा आरएक्स १००वर फसाल. तिथं सीडीआयला (पॉइंटऐवजी असलेला इलेक्ट्रॉनिक डबा) करंट थेट मॅग्नेटोतून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातून मिळतो आणि चावी बंद केली की एक वायर बॉडीला टेकून इंजिन थांबतं. बुलेट वायर तुटल्यानं बंद पडते, आरएक्स वायर कुठंतरी घासून बॉडीला टेकल्यानं. ती बंद करणारी वायर सोडवून गाडी फिरवून आणा. आता पडत नसेल तर दोष स्विच किंवा त्या वायरीत. फक्त इंजिन चावीनं थांबणार नाही हे लक्षात ठेवा, गिअरमध्ये ब्रेक धरून क्लच सोडावा लागेल.

खरोखर उष्णतेचेही दोष असतात. कंडेन्सर किंवा कॉइल तापून दगा देते. मात्र त्याआधी टाकीचं झाकण उघडून पाहा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पेट्रोल उतरत नाही, गाडी गुदमरून थांबते आणि थोड्या वेळानं चालू होते. मी स्वतः या भोकापायी एक चांगली कॉइल बदलली आहे. पावसातल्या मिसिंगसाठी (इंजिन मधूनमधून ठिणगी चुकवतं) रात्री अंधारात प्लगच्या वायरीवर पाणी शिंपडा, गळणारा करंट निळा चमकताना दिसतो.

दुरुस्तीत टेप गुंडाळणं हा उपाय नाही. मानेपाशी सोल्डरही नको, सोल्डर कडक होतं आणि त्याच्या कडेलाच वायर पुन्हा तुटते. अखंड, बारीक तारांची गाडीचीच वायर टाका, घरातली नाही, आणि हँडल दोन्हीकडे पूर्ण वळेल इतका ढील ठेवा.

सरांच्या गाडीतला तो वीतभर तुकडा अजून आमच्या बाकड्यावर खिळ्याला लटकतो. नवा पोरगा आला की वस्ताद तो त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, तुटलंय कुठं सांग. बहुतेक पोरं मीटर शोधायला जातात. एखादाच वायर दोन्ही चिमटीत धरून इंच-इंच ओढत जातो, आणि एका जागी प्लास्टिक रबरासारखं ताणलं जातं.