मटार उगवत नाही? या चुका टाळा

मटार पेरून दहा-बारा दिवस झाले, कुंडीत हिरव्याचा ठिपका नाही, की बहुतेक जण दोनच गोष्टी करतात. आणखी पाणी घालतात, नाहीतर बियाणं देणाऱ्याला दोष देतात. त्याआधी एक काम करा. कुंडीच्या एका कडेची माती बोटाने हलकेच बाजूला सारून दोन-तीन बिया वर काढा आणि नीट बघा. बिघाड कुठे झालाय ते तिथेच कळतं.

बी पेरलं तसंच टणक असेल, तर त्याला ओल मिळालेलीच नाही. बी फुगलंय, पांढरं मूळ खाली गेलंय, पण कोंब मातीतच वाकडातिकडा होऊन अडकलाय, तर पेरणी खोल झाली किंवा वरची माती घट्ट बसली. जागेवर बीच नाही किंवा नुसतं टरफल उरलंय, तर उंदीर, खार नाहीतर मुंग्या. आणि चिमटीत धरताच बी पिचकलं, आतून पिवळट लगदा आला, कुबट वास सुटला, तर ते कुजलं. घरच्या बागेत मी सर्वाधिक पाहते ते हेच शेवटचं, आणि ते जवळजवळ नेहमी जास्तीच्या पाण्याने होतं.

पाणी: रोज सकाळ-संध्याकाळ नको

मटाराचं बी रुजताना साधारण स्वतःच्या वजनाइतकं पाणी शोषतं आणि त्याच वेळी त्याला भरपूर हवाही लागते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरून राहिल्या, की बी गुदमरतं आणि पिथियमसारख्या बुरशी त्याचा ताबा घेतात. म्हणून पेरणी वाफशावर करायची. मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचल्यावर तो सहज फुटावा आणि हाताला चिखल लागू नये, एवढीच ओल पुरे.

आदल्या दिवशी कुंडी खालून पाणी निथळेपर्यंत भिजवा, दुसऱ्या दिवशी वाफसा आला की पेरा. त्यानंतर वरचा बोटभर थर सुकल्याशिवाय पाणी नाही, आणि तेही झारीने. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. निव्वळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कोकोपीट जास्त असलेल्या मिश्रणात पेरत असाल तर आणखी सांभाळा. वरून कोरडं दिसलं तरी ते आत पाणी धरून असतं.

रात्रभर भिजवणं

उसळीसाठी वाटाणे भिजवायची सवय आपण पेरणीलाही लावतो. मटार रात्रभर पाण्यात बुडून राहिला की त्याला हवा मिळत नाही, साल तडकते, आतली साखर बाहेर झिरपते आणि मातीत गेल्यावर बुरशीला आयतं खाद्य मिळतं. अर्केल, बोनव्हिले या गोड जातींचं बी सुरकुतलेलं असतं. त्यात साखर जास्त असते, त्यामुळे थंड, ओल्या मातीत ते गोल गुळगुळीत बियांपेक्षा लवकर कुजतं. वाफसा नीट असेल तर मटार भिजवायची गरजच नसते. भिजवायचाच असेल तर तीन-चार तास पुरेत, आणि पाणी काढल्यावर लगेच पेरून टाका.

बियाण्याची खात्री नसेल तर दहा बिया ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. पाच-सहा दिवसांत सात-आठांना मोड आले तर बियाणं चांगलं. निम्म्यांनाही आले नाहीत तर ते पाकीट बाजूला ठेवा. मोड आलेल्या बिया फेकू नका. मूळ सेंटिमीटरभर व्हायच्या आत, ते न दुखावता, कुंडीत लावा. बी उलटं पडेल की सुलटं, याची चिंता नको. मूळ आपोआप खाली वळतं.

पेरायची वेळ चुकणं

मटाराला उगवायला 18 ते 24 अंश सेल्सिअस तापमान सर्वात मानवतं. मातीचं तापमान तिशीच्या पुढे गेलं की उगवण घटते आणि कुजण्याचं प्रमाण वाढतं. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरची काळी प्लास्टिकची कुंडी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, हे आपल्या लक्षात येत नाही. पुणे, नाशिक, सातारा भागात ऑक्टोबरचा ताव ओसरल्यावर, नोव्हेंबर अर्धा सरेपर्यंत पेरा. मुंबई, कोकण आणि गोव्यात डिसेंबरात रात्री गार होईपर्यंत थांबा. कुणी म्हणेल, पुरंदर तालुक्यात तर मटार पावसाळ्यात पेरतात. खरं आहे, पण तिथली उंची, पावसाळी गारवा आणि पाण्याचा निचरा होणारी रानं तुमच्या बाल्कनीत नाहीत. भर पावसात उघड्या कुंडीत मटार लावायचा हट्ट करू नका.

चुकीचं बी

बाजारातल्या ओल्या शेंगांमधले कोवळे दाणे पेरू नका. ते पक्व झालेले नसतात, बहुतेक कुजतात. फ्रोझन मटार उकळत्या पाण्यातून काढलेला असतो, तो उगवणार नाही. वाण्याकडचा अख्खा पांढरा वाटाणा जुना नसेल तर उगवतो, पण त्याच्या शेंगांना भाजीच्या मटाराची गोडी नसते. तेव्हा त्याच हंगामाचं बियाण्याचं पाकीट घ्या. पाकिटातल्या बिया गुलाबी किंवा निळ्या दिसल्या तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं आहे. त्या मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि पेरल्यावर हात धुवा. साध्या बियांना पेरण्यापूर्वी ट्रायकोडर्मा (कुजवणाऱ्या बुरशींना रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळलं तर कुज बरीच आटोक्यात राहते. बी लावताना खाली युरिया किंवा कच्चं शेण घालायचं मात्र अजिबात नाही.

खोली तीन ते चार सेंटिमीटर ठेवा. दोन बियांत चार बोटं अंतर असू द्या. काळी माती वरून घट्ट बसते, म्हणून बी झाकायला शेणखत आणि माती चाळून वापरा. वर वाळक्या पानांचा पातळ थर चालतो, फक्त कोंब दिसायला लागले की तो बाजूला करा. ट्रेमध्ये रोपं करून नंतर हलवायच्या भानगडीत पडू नका, मटाराची मुळं दुखावली की रोप मागे पडतं.

कोंब वर आल्यावर साळुंक्या, कबुतरं आणि खारींपासून आठ-दहा दिवस जाळी लावून जपा. एखाद्याचा शेंडा कुणी खुडून नेलाच, तरी रोप लगेच उपटू नका. मटाराच्या डाळिंब्या, म्हणजे बियाचे दोन भाग, मातीखालीच राहतात आणि तिथल्या डोळ्यातून बरेचदा नवा कोंब फुटतो. पंधरा दिवसांनीही काहीच आलं नाही आणि उकरल्यावर बिया कुजलेल्या निघाल्या, तर त्याच मातीत पुन्हा पेरू नका. ती माती पसरून चांगली उन्हात वाळवा आणि दुसरी पेरणी दुसऱ्या कुंडीत करा.