सोनकीमागचा डोंगर कुठे गेला? या चुका टाळा

सप्टेंबर आला की कसाऱ्याची शेवटची लोकल ट्रायपॉडवाल्यांनी भरते, आणि पुढच्या सोमवारी मला फोटो यायला लागतात. 'दादा, बघ ना, काहीतरी चुकतंय.' दर वर्षी चुकतं तेच.

पहिली चूक मीही केली आहे. रतनगडाचा माथा, सोनकीच्या रानफुलांनी पिवळाधमक झालेला उतार, समोर अलंग-मदन-कुलंग हे तीन डोंगरी किल्ले. धुकं जेमतेम दहा मिनिटं हटलं. मी एफ २.८ लावून, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून, फुलाला नाक टेकवून साठ-सत्तर फोटो हाणले. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसत होते. दादरला घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले, तर एक पाकळी धारदार आणि अलंगच्या जागी करडा लगदा. असला फोटो राणीच्या बागेत कुंडीपुढे बसूनही निघाला असता, त्यासाठी रात्रभर जागायची गरज नव्हती.

आता माझी सवय ठरलेली आहे. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १६ मिमीची लेन्स, एफ ११ म्हणजे बारीक छिद्र, फूल हातभर अंतरावर आणि फोकस त्याच्या दुप्पट अंतरावर. फुलापासून डोंगरापर्यंत सगळं नीट येतं. एफ २२ वर जाल तर सगळंच मऊ पडेल. फूल हलतंय? आयएसओ ८०० करा, म्हणजे शटरचा वेग वाढवता येईल, आणि थांबा. कड्यावरचा वाराही पडतो, फक्त तुमच्या सोयीने नाही. 'एक फोकस फुलावर, एक डोंगरावर, असे दोन फोटो घेऊन नंतर जोडू' म्हणणाऱ्यांनी दोन्हींत फूल एकाच जागी आहे का, ते आधी बघावं.

फोटोत पिवळा रंग लवकर भडक होऊन पाकळीतला तपशील जातो. एक्सपोजर पाऊण स्टॉप खाली ठेवा.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा काढू नका, लेन्सवर वाफ धरते. अर्धा तास बॅगेतच राहू दे.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाताना घांघरियात एकच दिवस ठेवू नका. दरीत मुक्कामाला परवानगी नाही. तो दिवस ढगात गेला की रिकाम्या हाताने परत.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट: 'लो अँगल'साठी फुलांवर आडवं पडणं. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळी पठारावर, कातळाच्या वर मातीचा पातळ थर असतो. सीतेची आसवं ही इवली फुलझाडं त्या ओल्या मातीत बारीक जीव पकडून जगतात. यातली बरीच झाडं वर्षायू, एका वर्षातच संपणारी. बी धरण्याआधी चिरडलीत की पुढच्या वर्षीचं बियाणंच गेलं. एकाला हटकलं तर म्हणाला, 'एवढी तर आहेत!' त्याच्या मागे माणसाच्या आकाराचा खड्डा पडला होता. मी पायवाटेवर किंवा उघड्या कातळावर बसतो, कॅमेरा हाताने खाली धरतो, स्क्रीन वर वळवतो. दहातले सात वाकडे येतात, येऊ देत.

आणि दवबिंदूंसाठी स्प्रेची बाटली नेऊ नका. ती नेणारा एक महाभाग मी पाहिला आहे. पाच मिनिटांत पावसाने त्याला कॅमेऱ्यासकट धुऊन काढलं.