नवा लेख गुगलला कळवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका काकांचा फोन आला. साताऱ्याकडचे, निवृत्त शिक्षक. गावाकडच्या जुन्या बियाण्यांवर, पेरणीच्या पद्धतींवर लिहितात. वर्डप्रेसवर चाळीसेक लेख झाले होते आणि गुगलवर एकही सापडत नव्हता. "अहो, रोज सकाळी कळवतोय मी गुगलला," असं ते काकुळतीने सांगत होते. आणि खरंच कळवत होते. सर्च कन्सोल, म्हणजे साईटमालकांसाठीची गुगलची सेवा, उघडायचे, लेखाचा पत्ता टाकायचे, नोंदीच्या विनंतीचं बटण दाबायचे. त्याशिवाय एका व्हिडिओत सांगितलेल्या पन्नासेक 'पिंग' साईटींवरही, म्हणजे नवा लेख आल्याचा निरोप पुढे पोचवणाऱ्या साईटींवर, पत्ता टाकायचे.

मी त्यांना बटण दाबल्यावर काय निरोप येतो ते वाचून दाखवायला सांगितलं. विनंती नाकारली, असा तो निरोप होता. इंग्रजीतली चौकट उघडायची, ते 'पोचली' असं समजून बंद करायचे. मग वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' उघडलं. शोधयंत्रांनी ही साईट नोंदवू नये, अशा अर्थाच्या ओळीपुढच्या चौकोनात बरोबरची खूण होती. साईट बांधून देणाऱ्याने काम सुरू असताना ती केली होती आणि हातात देताना काढायची राहिली. ती खूण असली की वर्डप्रेस प्रत्येक पानावर 'नोइंडेक्स' (हे पान नोंदवू नका) लिहितं आणि स्वतःचा साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, तीही बंद ठेवतं. वर्षभर काका दार ठोठावत होते आणि आतून कडी त्यांच्याच साईटने लावलेली होती.

तुमचा लेख दिसत नसेल तर सगळ्यात आधी हा चौकोन पाहा. ब्लॉगरवर, म्हणजे गुगलच्या ब्लॉगसेवेवर, हीच गोष्ट सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी'खाली असते. तिथे शोधयंत्रांना ब्लॉग दिसू देण्याचं बटण चालू हवं.

कळवलं म्हणजे नोंद झाली, हा समज

बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. गुगलकडे लेख पोचायचे तीन टप्पे आहेत. आधी त्याला पत्ता कळतो. मग त्याचा बॉट, म्हणजे आपोआप फिरणारा प्रोग्रॅम, येऊन पान वाचतो, त्याला क्रॉल म्हणतात. त्यानंतर ते पान साठ्यात घ्यायचं की नाही हे ठरतं, ते इंडेक्स. आपण कळवतो तेव्हा फक्त पहिल्या टप्प्याला हात लागतो, फार तर दुसरा थोडा लवकर होतो. तिसऱ्यावर कळवण्याचा काहीच परिणाम होत नाही. म्हणून लेख दिसत नाही म्हटल्यावर पुन्हा कळवण्याआधी तो कुठल्या टप्प्यावर अडलाय हे शोधायला हवं. सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत लेखाचा पूर्ण पत्ता टाकला की हे एका मिनिटात कळतं.

इथे आणखी एक चूक होते. लोक गुगलमध्ये इंग्रजीत 'site', पुढे कोलन (:) आणि पत्ता टाकून पाहतात आणि यादीत लेख नाही म्हणून घाबरतात. ती यादी पूर्ण नसते. आणि शीर्षक शोधल्यावर लेख पहिल्या पानावर नाही म्हणजे त्याची नोंदच नाही, असंही नाही. नोंद असून क्रमांक मागे असू शकतो, आणि त्याचा उपाय वेगळा.

बंद पडलेले रस्ते

इंटरनेटवर फिरणारा बराच सल्ला जुना आहे, आणि माणसं त्यावर आपल्या संध्याकाळी घालवतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. पिंगची कल्पना ब्लॉगच्या सुरुवातीच्या काळातली. पिंग-ओ-मॅटिक २००४ साली सुरू झालं. एका ठिकाणी कळवायचं आणि ते पुढे अनेक सेवांना सांगायचं. त्या काळात याला अर्थ होता. त्यातल्या कितीतरी सेवा आज राहिलेल्याच नाहीत. वर्डप्रेसच्या 'रायटिंग' सेटिंग्जमध्ये आजही एक पत्ता आधीपासून असतो, तो तसाच राहू द्या. त्यात शंभर पत्त्यांची यादी चिकटवून काही मिळत नाही. उलट प्रत्येक लेख प्रकाशित करताना तुमचा सर्व्हर त्या सगळ्या पत्त्यांवर निरोप पाठवत बसतो.

गुगलचं कुणालाही पत्ता टाकता येईल असं सार्वजनिक पान २०१८ मध्ये बंद झालं. साईटमॅप बदलला हे कळवायचा पिंग-पत्ता बंद करत असल्याचं गुगलने जून २०२३ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या सहा महिन्यांत तो बंद झाला. त्यावरून येणाऱ्या निरोपांत बहुतांश कचराच असतो, असं कारण त्यांनी दिलं. नाव-गाव न सांगता साईटमॅप पाठवायची सोय बिंगने त्याच्या आदल्या वर्षीच काढली होती. त्यामुळे तुमचं एखादं जुनं प्लगइन (वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) अजून 'गुगलला पिंग केलं' असं दाखवत असेल, तर तो निरोप कुठेच पोचत नाही. आणि पाचशे शोधयंत्रांत नोंद करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

इंडेक्सिंग एपीआयची, म्हणजे प्रोग्रॅममधून थेट गुगलला पत्ते कळवण्याची, वाटही अशीच. ती चालू आहे, पण तुमच्यासाठी नाही. नोकरीच्या जाहिराती आणि थेट प्रक्षेपणाचे व्हिडिओ असलेल्या पानांसाठीच ती आहे, असं गुगलने स्पष्ट लिहून ठेवलंय. काही प्लगइन ती साध्या लेखांसाठी वापरायला देतात. त्या भानगडीत पडू नका.

मग रीतसर रस्ता कुठला?

सर्च कन्सोलमध्ये साईटची नोंदणी, एक साईटमॅप, आणि नव्या महत्त्वाच्या लेखासाठी एकदाच विनंती. एवढंच. विनंती करण्याआधी 'टेस्ट लाइव्ह यूआरएल' दाबा. पान उघडतंय का, नोइंडेक्स लागलंय का, हे तिथेच कळतं. विनंतीनंतर काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. एकाच पत्त्यासाठी पुन्हा पुन्हा विनंती केल्याने रांगेत पुढे जाता येत नाही, हे गुगलनेच सांगितलंय. शिवाय रोजच्या विनंत्यांना मर्यादा आहे. ती जुन्या लेखांवर संपली की ज्या लेखाला खरी गरज आहे तो राहतो.

साईटमॅपमध्ये मी सर्वात जास्त पाहिलेली चूक म्हणजे नोंदणी एका पत्त्याची आणि साईटमॅप दुसऱ्याचा. एचटीटीपी आणि एचटीटीपीएस, 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू' लावून आणि न लावता, या सर्च कन्सोलच्या हिशेबी वेगवेगळ्या साईट असू शकतात. स्वतःचं डोमेन असेल तर डीएनएसमधून (डोमेनच्या तांत्रिक नोंदींमधून) 'डोमेन प्रॉपर्टी', म्हणजे या सगळ्या रूपांची एकत्र नोंदणी, घ्या, हा घोळच राहत नाही.

दुसरी चूक, दोन-तीन साईटमॅप. वर्डप्रेस ५.५ पासून, म्हणजे ऑगस्ट २०२० पासून, 'डब्ल्यूपी-साईटमॅप' नावाची फाइल वर्डप्रेस स्वतःच बनवतं. एसइओचं, म्हणजे शोधयंत्रांत लेख वर यावा म्हणून मदत करणारं, प्लगइन टाकलं की ते आपली वेगळी बनवतं. कधी दोन प्लगइन असतात. एकच ठेवा आणि तिचाच पत्ता द्या. ब्लॉगरवाल्यांना तर काहीच बनवावं लागत नाही, 'साईटमॅप डॉट एक्सएमएल' आधीपासून तयार असतो आणि स्थिर पानांचा वेगळा असतो. जुन्या सल्ल्यात सांगितलेले, पाचशे-पाचशे पोस्टचे लांबलचक अ‍ॅटम पत्ते टाकायची आता गरज नाही.

साईटमॅप एकदा दिला की प्रत्येक लेखानंतर परत द्यायचा नसतो. गुगल तो स्वतःहून येऊन पाहतं. त्यातलं 'प्रायॉरिटी' आणि 'चेंजफ्रीक्वेन्सी' गुगल वाचतच नाही, तेव्हा तिथे आकडे बदलत बसू नका. 'लास्टमॉड', म्हणजे शेवटच्या बदलाची तारीख, मात्र वाचतं, पण ती खरी असेल तरच. रोज सगळ्या लेखांना आजची तारीख लावणारी युक्ती काही जण सांगतात. तुमच्या तारखांवर भरवसा नाही असं गुगलला दिसलं की ते त्यांच्याकडे बघणं सोडून देतं. मग तुम्ही खरंच जुना लेख सुधारलात तरी ती तारीख उपयोगी पडत नाही.

सर्च कन्सोलमध्ये साईटमॅपपुढे 'कुडन्ट फेच' (आणता आला नाही) असं दिसलं तर साईटमॅपचा पत्ता लॉगिन नसलेल्या ब्राउझरमध्ये उघडून पाहा. उघडला नाही तर दोष तुमच्याकडे, बहुधा एखाद्या सुरक्षा किंवा कॅशे प्लगइनचा. उघडला तर दोन दिवस थांबा.

मराठी लिहिणाऱ्यांच्या खास अडचणी

या गोष्टी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली अडचण लेखाच्या पत्त्याची. ब्लॉगरवर देवनागरी शीर्षक दिलं की पत्त्यात ते उतरत नाही, नुसतं 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा येतो. दोनशे लेखांचे पत्ते सारखेच दिसतात. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण आतून प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं करतं. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हं, म्हणजे पंचेचाळीस अक्षरं. आणि पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. म्हणजे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक मध्येच तुटतं. तुटलेला पत्ता चालतो, नोंदही होते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची माळ दिसते आणि कॉपी करताना शेपूट राहून जातं. प्रकाशित करण्याआधीच रोमन लिपीत दोन-चार शब्दांचा छोटा पत्ता द्या.

'आधीच' या शब्दाला महत्त्व आहे, कारण पुढची चूक त्याचीच: लेख टाकायचा, विनंती पाठवायची, आणि संध्याकाळी पत्ता बदलायचा. गुगल जुन्या पत्त्यावर येतं. वर्डप्रेस निदान पोस्टच्या जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवतं. ब्लॉगरवर ते आपोआप होत नाही, सेटिंग्जमध्ये हाताने रीडायरेक्ट लावावा लागतो. तो लावला नाही तर तुम्ही कळवलेल्या पत्त्यावर पान सापडत नाही, एवढंच गुगलच्या हाती लागतं.

दुसरी अडचण फॉन्टची. डीटीपीच्या काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवला की पडद्यावर कधीकधी मराठी दिसतं, पण आत रोमन अक्षरांचा काला असतो. गुगल तोच वाचतं. नोंद झाली तरी मराठी शब्द शोधून तो लेख कधीच वर येणार नाही. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग प्रकाशित करा. मजकुराचा फोटो काढून टाकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. दिवाळी अंकातल्या लेखाचं कात्रण टाकायला हरकत नाही, पण खाली तो टाइपही करा.

सर्च कन्सोलमधली कुठली सूचना मनावर घ्यायची

'अल्टरनेट पेज' अशी नोंद आणि पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह, एम आणि १ दिसलं तर सोडून द्या. ती ब्लॉगरची मोबाइल आवृत्ती आहे, मूळ पानाची नोंद झालेली असते. ब्लॉगरची लेबलची पानं रोबोट्स फाइलमुळे (बॉटने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमुळे) अडली असं दिसेल, तेही मुद्दामच तसं ठेवलेलं आहे. पण तुमच्या लेखांचे पत्ते रोबोट्स फाइलने अडवलेले दिसले तर ताबडतोब दुरुस्त करा. आणि एखादं पान साठ्यातून काढायचं म्हणून त्यावर नोइंडेक्स आणि रोबोट्सची बंदी एकदम लावू नका. बंदीमुळे गुगल आत येत नाही, त्यामुळे नोइंडेक्स त्याला दिसतच नाही.

'डिस्कव्हर्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' म्हणजे पत्ता कळलाय, पण गुगल अजून आलं नाही. कळवायचं काम इथे झालेलंच आहे. आता तुमच्या जुन्या, वाचल्या जाणाऱ्या लेखांतून नव्या लेखाला लिंक द्या. गुगल बरेच नवे पत्ते लिंकवरूनच शोधतं, आणि हे काम बहुतेक जण करत नाहीत. मुख्य पानावरून दोन क्लिकमध्ये प्रत्येक लेख गाठता यावा.

'क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड' जास्त जड आहे. वाचलं, पण घेतलं नाही. अशा लेखांकडे प्रामाणिकपणे बघावं लागतं. दुसरीकडून उचललेला मजकूर आहे का, चार ओळींचा फॉरवर्ड आहे का, तुमच्याच दुसऱ्या लेखात हेच आलंय का?

बिंगला विसरू नका

बिंगच्या साठ्याचा डकडकगोही मोठा वापर करतं, त्यामुळे तिथली नोंद एका शोधयंत्रापुरती राहत नाही. बिंग वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून साईट थेट आणता येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बिंग आणि यांडेक्स या शोधयंत्रांनी इंडेक्सनाऊ ही कळवण्याची सोय आणली, नंतर सेझ्नाम आणि नेव्हर ही शोधयंत्रंही त्यात आली. लेख टाकला, बदलला किंवा काढला की यातून लगेच कळवता येतं, आणि बरीच वर्डप्रेस प्लगइन ते आपोआप करतात. यातून गुगलला मात्र काही कळत नाही, त्यामुळे इंडेक्सनाऊ लावून सर्च कन्सोल सोडू नका. उत्तरात २०२ हा आकडा आला तर निरोप मिळालाय, किल्लीची (साईट तुमचीच आहे हे पटवणाऱ्या सांकेतिक अक्षरांची) पडताळणी बाकी आहे. ४०३ आलं तर किल्लीची फाइल साईटच्या मुळाशी सापडत नाही किंवा चुकीची आहे. ४२९ म्हणजे तुम्ही फार निरोप पाठवताय. रोज सगळे जुने लेख परत पाठवणाऱ्यांना हे उत्तर मिळू शकतं.

काकांच्या साईटवरची ती खूण आम्ही काढली, साईटमॅप नव्याने दिला, आणि पाच लेखांसाठी एकेकदा विनंती केली. पिंगच्या यादीला पुन्हा हात लावला नाही. पंधरवड्यात जोंधळ्याच्या वाणांवरचा लेख पहिल्यांदा दिसला, मग एकेक करत बाकीचे येत गेले. चार लेख अजून 'क्रॉल्ड'वर अडकलेत. ते त्यांनी एका जुन्या मासिकातून जवळपास जसेच्या तसे उतरवले होते. आता त्याच वाणांबद्दल गावातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांशी बोलून ते चारही लेख ते नव्याने लिहितायत.