प्राध्यापकी करता करता वीज नियमनात शिरायचंय? मग हे वाचा

इकॉनॉमिक्समध्ये पीएचडी झालीये, शिकवणं चालू आहे आणि आता पॉवर मार्केटच्या कामात शिरायचंय, तर आधी ग्रिड, म्हणजे वीज वाहून नेणारं तारांचं जाळं, समजून घ्या. इंजिनिअर व्हायचं नाहीये हो, पण मागणी-पुरवठा क्षणाक्षणाला जुळवावा लागतो, लाइन भरली की पलीकडची स्वस्त वीज अलीकडे येऊच शकत नाही आणि दोन ठिकाणचे भाव वेगळे होतात, एवढं डोक्यात पक्कं बसलं नसेल तर कंट्रोल रूममधला माणूस पाच मिनिटांत तुम्हाला गप्प करेल.

मग टॅरिफ ऑर्डरी वाचा, म्हणजे वीज नियामक आयोगाचे दर ठरवणारे आदेश. भयंकर कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला बोलू. पण कुठला खर्च मान्य झाला, कुठला कापला, भांडवलावर परतावा किती धरला, सगळी खरी भांडणं तिथेच असतात. भांडवल उभारायच्या खर्चापेक्षा जास्त परतावा दिला तर कंपनी गरजेपेक्षा जास्त भांडवल ओतते, हे एव्हर्च आणि जॉन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 1962 मध्येच मांडून ठेवलंय, ते डोळ्यासमोर ठेवून वाचलं की झोप कमी येते.

आत शिरायला ओळख लागतेच असं नाही. आयोग नव्या नियमांचा मसुदा काढतो, हरकती मागवतो, तिथे दोन पानी मुद्देसूद हरकत पाठवा. दोनच पानं! सोबत आकडे असे द्या की विरुद्ध बाजूच्या वकिलाने उलटतपासणी घेतली तरी टिकतील, कारण तो तुमचं मॉडेल बघत नाही, गृहीतकं बघतो.

आता ज्यांच्याकडून शिकायचं ते. कॉर्नेलचे आल्फ्रेड कान 1974 ते 77 न्यूयॉर्कच्या आयोगाचे अध्यक्ष होते, त्यांनी मार्जिनल कॉस्टचा (एक जादा युनिट पुरवायला येणाऱ्या खर्चाचा) धडा वर्गातून काढून थेट वीजदरांत आणायला घेतला. स्टीफन लिटलचाइल्ड बर्मिंगहॅमचे प्राध्यापक, महागाई वजा एक्स (दर महागाईपेक्षा एक्स टक्के कमीच वाढू द्यायचे, एक्स म्हणजे कंपनीकडून अपेक्षित काटकसर) हे दरसूत्र त्यांनी 1983 मध्ये टेलिकॉमसाठी सुचवलं आणि 1989 मध्ये स्वतःच ब्रिटनचे वीज नियामक झाले. आणि मग 1994 मध्ये त्यांनीच ठरवलेल्या वितरण कंपन्यांच्या दरमर्यादा फार सैल निघाल्या, ओरड झाली, 1995 मध्ये पुन्हा उघडाव्या लागल्या. सूत्र सोपं असतं, एक्स किती धरायचा हीच खरी मारामारी, कारण आतला खर्च कंपनीला तुमच्यापेक्षा नेहमीच जास्त माहीत असतो.

सुधारणांकडे वळायचं असेल तर 2000-01 चं कॅलिफोर्नियाचं वीजसंकट घोटून घ्या. घाऊक भाव मोकळे, ग्राहकाचे दर बऱ्याच ठिकाणी गोठवलेले, वितरण कंपन्यांचे दीर्घ मुदतीचे करार जवळपास नाहीत, त्यात पुरवठा आखडला, मग काही विक्रेत्यांनी भाव चढवले आणि पीजीअँडई ही तिथली मोठी वीज कंपनी एप्रिल 2001 मध्ये दिवाळखोरीत गेली. स्टॅनफर्डचे फ्रँक वोलॅक तेव्हा तिथल्या ग्रिड ऑपरेटरच्या बाजार देखरेख समितीचे अध्यक्ष होते. माझ्या मते अकॅडेमिक माणसाला सगळ्यात शोभणारं काम हेच, विक्रेत्यांनी लावलेल्या बोलींचा डेटा हातात आणि कोणाचं मिंधेपण नाही.

मिंधेपणावरून आठवलं, कन्सल्टन्सीचा पैसा मोहात पाडतो. घ्या, पण कोणाकडून घेतला ते प्रत्येक पेपरवर आणि साक्षीत आधीच लिहा, आणि ज्या कंपनीचं काम केलंय तिच्या केसमध्ये आयोगाच्या बाजूने बसू नका. विद्यापीठ शक्यतो सोडू नका, रजा घ्या. कानसुद्धा नंतर कॉर्नेललाच परतले.