दवाखान्यात पैसे भरण्याआधी: विमा नसलेल्या घरासाठी तयारीची यादी

घरात कुणी एकाएकी आजारी पडलं की सगळे एकच विचारतात, पैसा कुठून आणायचा? त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा, तो म्हणजे हे काम पैसे न भरता कुठे होईल? कास्तकाराला आणि मजुराला मिळणारी जवळजवळ सगळी सरकारी मदत बिल भरण्याआधी मिळते. नगदी भरून सुट्टी घेतली आणि मग पावत्यांची थैली घेऊन तहसीलपासून मुंबईपर्यंत हिंडलं तरी हाती फारसं काही लागत नाही. वावर गहाण पडलेली जी घरं मी पाहिली, त्यांतल्या बऱ्याच घरांत राशन कार्ड पेटीत होतं आणि पेशंट सरकारी आरोग्य योजनेत नसलेल्या दवाखान्यात. म्हणून ही यादी घरात सगळे धडधाकट असतानाच हाती घ्यावी. कापूस वेचून झाला, तूर घरात आली आणि पेरणीला अजून वेळ आहे, असे मार्च ते मे हे महिने त्यासाठी चांगले.

सगळ्यात आधी राशन कार्ड काढा आणि उजेडात नीट वाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ च्या जुलैपासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना लागू झाली. कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या दवाखान्यात बिनपैशानं होतात. म्हणजे ‘आमच्याकडे विमा नाही’ म्हणणाऱ्या घरातही एक प्रकारचा विमा आहेच, फक्त तो कागदावर नीट उतरलेला नसतो. कार्डाला १२ अंकी ऑनलाइन नंबर आहे का ते बघा. नसेल तर राशन दुकानदाराकडे किंवा तहसीलच्या पुरवठा विभागात जाऊन तो चढवून घ्या. मग आधार आणि राशन कार्ड घेऊन सेतूवर किंवा आशाताईंकडे घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड काढा, योजनेतल्या दवाखान्यात तेच दाखवायचं असतं. घरात ७० वर्षांचं किंवा त्यावरचं कुणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं निघतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून त्याला उत्पन्नाची अट नाही.

खरा घोळ नावांचा असतो आणि तो नेमका भरतीच्या रात्री कळतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर असतं. तिथून कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय ते सासरी चढत नाही, आणि बहुतेक घरांत हे काम ‘पुढच्या खेपेला’ म्हणून राहून जातं. नातवाचा जन्मदाखला निघालेला असतो, पण कार्डावर तो नसतो. म्हातारीचं नाव आधारावर ‘सुभद्राबाई’ आणि कार्डावर ‘सुभद्रा’. जन्मसाल दोन्हीकडे वेगळं. आयुष्यभर निंदण-खुरपण केलेल्या हातांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. मग मोबाइलवर येणारा ओटीपी हाच मार्ग उरतो आणि आधारला जोडलेला नंबर मुलाच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा निघतो. ‘भाऊ, आधार तं आणलं, पण राशन कार्ड घरी रायलं,’ हे वाक्य दवाखान्याच्या खिडकीवर रोज ऐकू येतं. घरी राहिलेलं कार्ड दुसऱ्या दिवशी आणता येतं. सुनेचं नाव एका रात्रीत चढत नाही. एक मोबाइल नंबर ठरवा, तो घरातल्या सगळ्यांच्या आधारला जोडा आणि ते सिम बंद पडू देऊ नका.

दुसरा कागद म्हणजे तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. तलाठ्याचा अहवाल लागतो, अर्ज सेतूवर होतो. एका वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून नवा एप्रिलमध्येच काढा. जूनमध्ये सेतूवर शाळा-कॉलेजच्या पोरांची रांग असते आणि पोर्टल तासन्‌तास फिरत बसतं. आजारपणात हा एक कागद दोन-तीन दारं उघडतो, ती पुढे सांगतो. सातबारा आणि बँक पासबुकाच्या नकलाही त्याच पिशवीत ठेवा. पिशवी प्लास्टिकची असू द्या आणि ती कुठे आहे हे घरातल्या बायकांना माहीत असू द्या, कारण रात्री गाडीत बसवताना घरचा माणूस पेशंटजवळ असतो आणि कागद शोधायचं काम त्यांच्यावर येतं. सगळ्याचे फोटो मोबाइलमध्येही काढून ठेवा.

आता दवाखान्यांची माहिती. ती आधीच काढून भिंतीवर लिहून ठेवा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा आणि स्त्री रुग्णालय इथे, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नागपूरचं मेडिकल, मेयो, किंवा यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाची सरकारी मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याखाली येतात. तिथे केसपेपर आणि काही तपासण्यांचं शुल्क लागू शकतं, पण ते खासगीच्या मानानं फार कमी असतं आणि जन आरोग्य योजना तिथेही चालते. नागपूरच्या मिहानमध्ये एम्स आहे. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय आहे. कॅन्सरसाठी नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे. सेवाग्रामनं तर आसपासच्या गावांसाठी फार आधीपासून हंगामातल्या ज्वारीच्या वाट्यावर आरोग्य विमा चालवला. पैसा हाती नसलेल्या घरालाही विमा घेता येतो हे आपल्याच मातीत करून दाखवलेलं आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तुमच्या तालुक्यापासून जवळचे योजनेतले दवाखाने कोणते आणि तिथे कुठल्या आजारांवर उपचार होतात, हे जन आरोग्य योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन करून विचारा. ‘योजनेत आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. एखाद्या दवाखान्यात हाडांचं काम योजनेतून होतं, पण हृदयाचं होत नाही. काही शस्त्रक्रिया तर योजनेतून फक्त सरकारी दवाखान्यातच होतात. ही योजना भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, नुसत्या ओपीडीच्या गोळ्यांसाठी नाही. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या आरोग्य केंद्रातून किंवा जनऔषधी दुकानातून घ्या. महागड्या पाकिटावर महिन्याला जाणारा पैसा वाचवला तर पुढच्या आजारपणाला तोच कामी येतो.

साप चावला तर एक गोष्ट पक्की धरा. सापाचं इंजेक्शन आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात मोफत मिळतं. निघण्याआधी किंवा निघता निघता फोन करून साठा आहे का विचारा, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा आणि थेट तिथेच न्या. मांत्रिकाकडे वेळ घालवून मग शहरातल्या आयसीयूत पोचलेल्या पेशंटचं बिल लाखांत जातं, आणि जिवाचा धोका वाढतो तो वेगळाच. रस्त्यावरच्या अपघातासाठी केंद्राची २०२५ ची कॅशलेस योजना आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यात पहिले सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत. त्यासाठी पोलिसांकडे नोंद होणं गरजेचं असतं, म्हणून ‘कशाला लफडं’ म्हणत नोंद टाळू नका. बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी मोफत आहे.

भरतीच्या दिवशी काउंटरवर डिपॉझिट भरायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला गाठा. योजनेतल्या दवाखान्यात त्याचं टेबल असतं. कार्ड दाखवा आणि सरळ विचारा, ‘ह्या आजारावर इथं योजनेतून उपचार होते का?’ हो म्हटलं तर नोंदणी आणि मंजुरीचं काम तो करतो. तातडीचा पेशंट असेल तर आधी भरती करून फोनवर कळवायची सोय योजनेत आहे, तेव्हा मंजुरी नाही म्हणून उपचार थांबवू देऊ नका. ‘आधी पैसे भरा, योजनेचं नंतर बघू’ असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे १५५३८८ ला फोन लावून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नाही म्हटलं आणि पेशंट हलवण्यासारखा असेल, तर योजनेतल्या दुसऱ्या दवाखान्याची चौकशी त्याच तासात करा. तीन दिवस आणि साठ-सत्तर हजार गेल्यावर पेशंट हलवणं घरच्यांच्या मनाला फार जड जातं.

योजनेत न बसणाऱ्या आजाराला उत्पन्नाचा दाखला कामी येतो. शहरातले अनेक मोठे दवाखाने ट्रस्टचे, म्हणजे धर्मादाय आहेत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ कक खाली त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडे ते डिपॉझिट मागू शकत नाहीत. पाटीवर ‘धर्मादाय’ लिहिलंय का बघा, तिथल्या समाजसेवकाला भेटा, उत्पन्नाची चालू मर्यादा विचारा आणि अर्ज लेखी द्या. दाद लागली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात जा. मुख्यमंत्री सहाय्यता निधीसाठी आता जिल्हाधिकारी कार्यालयातच कक्ष आहे. उत्पन्नाचा दाखला, दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, राशन कार्ड आणि आजाराचे रिपोर्ट लागतात. खासगी दवाखान्याचं अंदाजपत्रक असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांची सही घ्या. हा पैसा दवाखान्याच्या खात्यात जातो, म्हणून पेशंट भरती असतानाच अर्ज गेला पाहिजे.

सगळं करूनही खासगीतच राहावं लागलं तर बिलावर पहिल्या दिवसापासून नजर ठेवा. २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनुसार दवाखान्यानं दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दिसेल अशा जागी लावायची असते. ते दर मोबाइलवर टिपून घ्या. ऑपरेशनआधी अंदाज कागदावर मागा, आणि त्यात औषधं, भूलतज्ज्ञ, आयसीयू धरले आहेत का तेही विचारा. रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचं बिल मागा. खाली मेडिकलमधून चिठ्ठीवर दहा इंजेक्शनं आणायला सांगतात. सहा लागतात, पेशंटला दुसऱ्या वॉर्डात हलवतात आणि उरलेली चार ट्रेमध्येच राहतात. घरच्या एका माणसानं वहीत आणलं किती, लागलं किती, परत किती हे लिहिलं की ती चार इंजेक्शनं परत देऊन पैसे घेता येतात. औषध त्याच दुकानातून घ्यायची सक्ती नाही, हेही हक्कांच्या सनदेतच आहे. हातानं लिहिलेल्या चिटोऱ्यावर पैसे भरू नका, पक्कं बिल मागा. बिल बाकी आहे म्हणून पेशंटला अडवून ठेवणं किंवा मृतदेह न देणं बेकायदा आहे. अशा वेळी पोलिसांना फोन करा, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार द्या. बाकी रकमेसाठी हप्ते मागायला लाजू नका. डॉक्टरांपेक्षा दवाखान्याच्या मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी बोलणं बरं, आणि बोलायला गावातला एक शांत माणूस सोबत न्या.

कर्ज काढावंच लागलं तर आधी बचत गट, मग सोसायटी किंवा बँक, त्यानंतर सोनं तारण. सावकार अगदी शेवटी, आणि तोही परवाना असलेला. २०१४ च्या सावकारी कायद्याखाली शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारणी १२ टक्के ही व्याजाची कमाल आहे. शेकडा पाच रुपये महिन्यानं पैसा घेतला की वर्षाचे ६० टक्के होतात, आणि सोयाबीनचं एक पीक बुडालं की ते मुद्दलाच्या वर निघून जातं. वावराचं खरेदीखत करून द्या, पैसे दिले की परत करून देतो, असं कुणी म्हणालं तर सही करू नका. पेशंट आत आणि घरचे बाहेर, अशा अवस्थेतच हे कागद पुढे येतात. आधीच असं झालं असेल तर त्याच कायद्यात जमीन परत मिळण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो.

सुट्टीच्या वेळी डिस्चार्ज कार्ड, सगळे रिपोर्ट, फिल्म आणि बिलाची प्रत मागून घ्या. योजनेतून उपचार झाले असतील तर सुट्टीनंतरची दहा दिवसांची औषधं, पुढची तपासणी आणि घरी जायचं एसटीचं भाडंही योजनेतच धरलेलं असतं. न मागता ते क्वचितच मिळतं, म्हणून आरोग्यमित्राकडून घेऊनच गाडीत बसा.